घाडीगावकर उडी मारतात

शनिवारी रात्री साडेनऊला शिरीन मुकादम
नेहरूनगरच्या लॅबचं शटर अर्धं ओढते.
टेबलावर नकाशा, शेंगदाणे, आणि
लघवीच्या नमुन्याची एक कोरी डबी,
फासे हलवायला.
कोरीच आहे, निमिषने तीनदा विचारून घेतलंय.
मागे फ्रिज घुमतो.
त्याला आम्ही विमानाचं इंजिन म्हणतो.

साल एकोणीसशे छत्तीस.
जुहूच्या मातीच्या धावपट्टीवरून उडालेलं
मालवाहू विमान, पोटात सोन्याची मगर,
आणि मगरीमागे प्रोफेसर कर्कोटक,
ज्याचा एक डोळा काचेचा आहे.
कुठला, ते मी दर आठवड्याला विसरते.
खेळ मी चालवते, त्यामुळे चालून जातं.

निमिष वैमानिक. एरवी लोकांचे जीएसटी भरतो,
इथे त्याला कॅप्टन म्हटलं नाही तर रुसतो.
शिरीन तिजोऱ्या फोडते,
तेही रबरी मोजे घालून, सवयच तशी.
आणि गेल्या महिन्यापासून घाडीगावकर काका,
वय एकसष्ट, साखर तपासायला आलेले,
हे काय चाललंय म्हणून टेकले, ते टेकलेच.

काका छत्तीस वर्षं सिनेमात पडले.
काचेतून, घोड्यावरून, जळत्या जीपमधून,
एकदा नायिकेची साडी नेसून, मिशी काढून.
मिशीचे वेगळे पैसे मिळाले नाहीत.
डाव्या गुडघ्यात सळई आहे,
पावसाळ्यात ती त्यांच्याआधी जागी होते.

पहिल्या दिवशी पात्राचा कागद दिला.
निमिषने लिहिलं होतं कॅप्टन रणधुरंधर.
काकांनी बँकेच्या फॉर्मसारखं, चौकटीत एकेक अक्षर,
अनंत रघुनाथ घाडीगावकर.
काका, इथे कुणीही होता येतं, मी म्हटलं.
हो ना, म्हणाले, आणि खाली सही केली.

आज इंजिनाने पेट घेतला.
कर्कोटक मगर छातीशी धरून बाहेर झेपावला,
विमानातलं एकमेव पॅराशूट घेऊन.
काका, तुम्ही दारात आहात. काय करताय?

उंची किती?
दोन हजार फूट. असेल.
असेल नको, सांग. खाली काय?
समुद्र.
भरती की ओहोटी?
खोके लावलेत का कुणी? वारा कुठून?
निमिष वैतागला. काका, खोटं आहे हो सगळं.
माहितीय, काका म्हणाले,
तेव्हाही हेच सांगायचे.

मग डबी कानाशी नेऊन हलवली,
नारळात पाणी किती ते बघावं तशी,
आणि टाकली.
तीन.

कर्कोटकाचा बूट हाताला लागला आणि सुटला.
मी पुस्तकात पडण्याचं कोष्टक शोधलं :
दर दहा फुटांना एक फासा.
म्हणजे दोनशे. आमच्याकडे अकरा,
त्यातला एक खिडकीच्या फटीत.
परत टाका काका, पहिल्या वेळचं सोडून देऊ.
नको. पडलोय ना, पाड.
फक्त कॅमेरा
तोंडावर ठेव.

मी कधी कुणाला इतकं सावकाश पाडलं नव्हतं.
कपाळ. भुवईवरचा जुना टाका.
वाऱ्याने मागे ओढलेले गाल.
डोळ्यांत लहान होत जाणारं विमान,
मग वर्सोव्याच्या होड्यांचे दिवे, उलटे.
शेंगदाण्यांना कुणी हात लावला नाही.
काका मान किंचित डावीकडे वळवून बसले होते,
उजेड कुठून येतोय ते ठाऊक असल्यासारखे.

साडेअकराला वॉचमनने शटर वाजवलं.
पाणी अजून खूप खाली होतं.
नकाशा तसाच गुंडाळला.

मंगळवारी उपाशीपोटी आले.
बाही वर करून, दंडाला पट्टा बांधून घेत
शिरीनला हळूच विचारलं,
किती फूट राहिलेत?

मूठ आवळा, ती म्हणाली.